एक बोट कमी

आठवा महिना लागला आणि बाबा लेकीच्या घरी येऊन थडकले. कपड्यांची पिशवी एवढीशी, बाकी सगळं सामान सुतारकीचं. खांद्याला हत्यारांची झोळी, काखेत फळ्यांची मोळी, आणि खाली टेम्पोत गोणपाटात गुंडाळून दोरीने करकचून बांधलेलं एक लांबलचक गाठोडं. ते गाठोडं जिन्याच्या वळणावरून वर आणताना जावयाची अशी दमछाक झाली, की दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत सासऱ्यांना ‘या’ म्हणण्याइतकाही श्वास त्याच्यात उरला नाही.

“राहायला आलात की दुकान थाटायला?” लेकीने दारातच विचारलं.

“ढलपे, आधी पाणी दे. भांडण मागाहून करू,” बाबा म्हणाले.

लाकूड तासताना उडतो तो तुकडा म्हणजे ढलपी. लहानपणी ती सारा दिवस दुकानात त्यांच्या पायाशी बसलेली असायची, केसांत भुसा, फ्रॉकला सरस. गिऱ्हाईक विचारायचं, ही कोण? बाबा म्हणायचे, लाकूड तुमच्या घरी जातं, ही ढलपी माझ्याकडे राहते. आता ढलपीची तिशी आली होती आणि पोट तर असं पुढे आलं होतं की स्वतःच्या चपला शोधायला तिला नवऱ्याला हाक मारावी लागे. नाव मात्र सुटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते सुटू नये असंच तिला वाटे.

घर लहानसंच होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. नवं घर घेतलं की माणसं म्हणतात, करू हळूहळू. आणि मग खिडकीची मोडकी कडी, अडकणारा ड्रॉवर आणि न लागणारं न्हाणीघराचं दार ही घरातलीच माणसं होऊन बसतात. स्वयंपाकघरात एक फळी होती, ती नवऱ्याने स्वतः मारली होती. तिच्यावर ठेवलेला चमचा आपोआप गडगडत डावीकडे यायचा.

“भिंतच वाकडी आहे,” जावई म्हणाला.

“असणारच,” बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले. “नाचता येईना, अंगण वाकडं.”

जावई जमीन मोजणीच्या कचेरीत कामाला होता. खिशात रुमाल नसेल पण टेप असायची. बाजाराचं अंतर विचारलं तर तो मीटरमध्ये सांगायचा, आणि बायकोला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा आनंदाने त्याने पहिलं काय केलं असेल तर झोपायची खोली मोजली. बाबांनी लग्नातच त्याचं नाव ‘मोजणीदार’ ठेवलं होतं आणि त्यालाही ते मनातून आवडलं होतं. कारण खुद्द बाबांनी जन्मात टेप वापरली नव्हती. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजा ताणायचा, ती झाली वीत. वितीत न बसणारं उरलंसुरलं बोटांनी भरायचं. तीन विती दोन बोटं, पाच विती एक बोट, असं पुटपुटत त्यांनी चाळीस वर्षं लोकांची कपाटं, पलंग आणि दारं केली होती.

“फीत हरवते मोजणीदार, हात हरवत नाही,” असं ते म्हणायचे.

आणि हे बोलणं त्यांना शोभायचं. तीन-चार दिवसांत घर सुतासारखं सरळ आलं. ड्रॉवर बोटाने ढकलला तरी गुपचूप आत जाऊ लागला. न्हाणीघराचं दार लागलं, त्यामुळे आत असताना गाणं म्हणत राहायची गरज संपली. वाकडी फळी उतरवून बाबांनी दोन भिंतींच्या मधली जागा वितीने मोजली, त्याच वितीने नवी फळी कापली, आणि ती अशी घट्ट बसली की मध्ये कागद जाईना. बाबा अंघोळीला गेल्यावर मोजणीदाराने चोरून टेप लावून पाहिली आणि परत खिशात ठेवली. बायकोने ते पाहिलं. त्या दिवशी जेवताना त्याने त्या फळीकडे मान वर करून पाहिलं नाही, आणि ती मात्र वाढताना उगाच गुणगुणत होती.

पण ही सगळी किरकोळ कामं. बाबा आले होते पाळण्यासाठी.

तिचा स्वतःचा पाळणा बाबांनी तिच्या जन्माआधी केला होता. दोन बाजूंना उभे पाय, त्यांना जोडणारे वर एक आणि खाली एक असे दोन दांडे, आणि मध्ये दोन लोखंडी खुंट्यांवर झुलणारी पेटी. त्यातली पेटी माळ्यावर वाळवीने खाल्ली. सांगाडा तेवढा शाबूत राहिला होता, तोच हा गोणपाटातला. पेटी नवी करायची होती, आणि तिच्यासाठी बाबांनी काखेतून आणल्या त्या फळ्या कुठल्याही वखारीतल्या नव्हत्या. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि सहा महिन्यांत बाबांनी दुकान बंद केलं. तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विकली नाही. ज्या टेबलावर जन्मभर काम केलं, ते त्यांनी मोडलं आणि त्याच्या फळ्या जपून ठेवल्या. तेवढंच लाकूड होतं. एक पेटी होईल, वर एक काठी उरणार नाही.

गॅलरीत त्यांनी फळ्यांची मोळी सोडली आणि तिला हाक मारली. “ओळखलंस?”

एका फळीच्या कडेवर चाकूने पाडलेल्या खुणा होत्या. तिने पाहिल्या मात्र, तिचं बोट आपोआप त्यांच्यावरून फिरलं.

ती सात वर्षांची असताना तिने बाबांची करवत मागितली होती. रंधा नको, हातोडा नको, करवतच हवी. बाबांच्या वडिलांपासून चालत आलेली ती करवत, मूठ हाताच्या घामाने काळी आणि गुळगुळीत झालेली. ती कुणालाच द्यायची नाही असा बाबांचा नियम होता. पण लेक हटून बसली. तेव्हा बाबांनी टेबलाच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवून आपला पंजा ताणला, करंगळी जिथे पोचली तिथे एक खूण पाडली, मग तिचा इवलासा पंजा ताणून दुसरी खूण पाडली आणि म्हणाले, “तुझी वीत माझ्या वितीएवढी झाली, की करवत तुझी. शब्द दिला.”

त्यानंतर दर वर्षी तिच्या वाढदिवसाला खूण व्हायची. ती आदल्या दिवसापासून बोटं ओढत बसायची. आई म्हणायची, अहो, पोरीची बोटं मोडतील, द्या ती मेली करवत! बाबा म्हणायचे, शब्द म्हणजे शब्द. खुणा पुढे सरकत गेल्या, मग सरकायच्या थांबल्या. शेवटची खूण लग्नाच्या आदल्या दिवशीची. घरभर पाहुणे असताना बाप-लेक दुकानात गेले होते. भुशाचा वास, अर्धवट शटर, आणि टेबलावर तिचा मेंदी न लावलेला साधा पंजा.

“राहिलं एक बोट,” बाबा हसून म्हणाले होते. “करवत माझीच.” आणि मग दोघंही रडले होते, करवतीच्या निमित्ताने.

“ही कड मी तासणार नाही,” बाबा आता म्हणाले. “पेटीच्या वरच्या अंगाला येऊ दे. बाळ पकडून उभं राहील.”

“किती मोठी करणार पेटी?”

“हे काय विचारणं झालं? लांबी चार विती, रुंदी अडीच. तुझ्या वेळी होती तीच. आपण केलेलं माप ज्याला विसरायला होतं तो मिस्त्री कसला!” त्यांनी गोणपाटाचं गाठोडं उघडलंसुद्धा नाही.

ते पेटीला लागले आणि ती गादीला. ती पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या दुकानात कामाला होती, आता रजेवर. दुकानात दिवसभर टेप गळ्यात असायची. पण घरी बापाची लेक. बाबांनी सांगितलं चार विती, आणि तिला हिशेब तोंडपाठ होता: बाबांची वीत म्हणजे माझी वीत अधिक एक बोट. तिने कापडावर स्वतःची वीत टाकली, पुढे एक बोट ठेवलं. असं चार वेळा. जुन्या मऊ चादरीचं कापड, आत पिंजलेला कापूस, वर हाताने घातलेले टाके. दुपारभर गॅलरीतून रंध्याचा आवाज यायचा, ती आत शिवायची, आणि किती वर्षांनी तरी तिला त्या आवाजात झोप लागायची. तिला वाटायचं, आई आता आतून ओरडेल, पिठात भुसा उडतोय म्हणून.

बाबा आल्यापासून सातव्या दिवशी पेटी झाली. बाबा खुंट्या आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि तिने हौसेने गादी पेटीत घालून पाहिली.

गादी बसेना. लांबीत तब्बल चार बोटं जास्त, रुंदीतही थोडी.

आधी तिला हसू आलं. पोटुशी बाई चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते, तिथे गादी चुकली तर नवल काय? तिने पुन्हा मोजलं. वीत आणि बोट, वीत आणि बोट. गादी बरोबर चार भरली. मग तिने पेटी मोजली. पेटी भरली तिच्या निव्वळ चार विती. बोटं धरायला जागाच उरली नाही.

‘म्हणजे माझाच हात वाढला की काय?’ पाय तर सुजलेच होते. तिने पेटीच्या कडेवरच्या खुणांशी पंजा ताणला. नव्हता वाढला. लग्नाच्या आदल्या दिवशी होता तिथेच होता, बाबांच्या जुन्या खुणेपासून एक बोट अलीकडे.

मग तिला कळलं. कळलं आणि ती पेटीची कड धरून तशीच उभी राहिली.

बाबा परत आले तेव्हा तिने त्यांच्या हातात चहाचा पेला दिला आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. ते पेला दोन्ही हातांनी धरत होते. बोटांच्या सांध्यांवर गाठी आल्या होत्या, करंगळी आत वळली होती आणि अंगठा पुरता उघडत नव्हता. हे सगळं आठ दिवस तिच्या डोळ्यांसमोर होतं. ते पाहायचं सोडून ती ड्रॉवर कसा छान सरकतो ते पाहत बसली होती. फळी, दार, ड्रॉवर, सगळं चपखल बसलं, कारण जागाही याच हाताने मोजली आणि लाकूडही याच हाताने. चुकलं ते फक्त आठवणीतलं माप. चार विती त्यांना बरोबर आठवल्या होत्या, पण त्या विती तीस वर्षांपूर्वीच्या हाताच्या होत्या. आणि गोणपाटातला सांगाडा त्याच हाताचा होता.

संध्याकाळी बाबा फिरायला गेले तेव्हा तिने नवऱ्याला सांगितलं.

“मग सांगून टाक त्यांना,” मोजणीदार म्हणाला. “यात काय? वयानं होतं सगळ्यांना.”

“काय सांगू? तुमचा हात आटलाय म्हणून? आई गेली, दुकान गेलं. त्यांच्याजवळ तो हात तेवढा उरलाय रे. तोही मी काढून घेऊ?”

“मी सांगू का? मी अगदी हळू...”

“तू तर तोंडच उघडू नकोस. तुझ्या तोंडातून आकडाच बाहेर पडेल.”

तो बिचारा टेप काढून उगाच आतबाहेर करत राहिला, तेव्हा तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गादी उसवली. एका टोकाची चार बोटांची पट्टी कात्रीने कापली, बाजू दुमडली आणि गादी पुन्हा शिवली. कापलेली पट्टी ड्रॉवरमध्ये लपवली. गादी आता पेटीत मापात बसली, आणि गादी बसली म्हणजे सगळंच निभावलं अशी तिने स्वतःची समजूत घालून घेतली. मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं.

“बाबा, सांगाड्याचं राहू दे ना आता. बाळ आलं की जोडू,” ती म्हणाली.

“बाळ आल्यावर ठोकाठोकी करू? तुझी आई वरून खाली उतरेल मला झोडपायला.” बाबांनी दोरी सोडली, गोणपाट उलगडलं. सांगाडा बाहेर आला, गर्द तपकिरी, तीस वर्षांच्या तेलापाण्याने चमकणारा. जोडून उभा केल्यावर बाबा दोन पावलं मागे झाले आणि बघत राहिले. “याच्यासारखं काम मी पुन्हा नाही केलं,” ते म्हणाले.

मग त्यांनी पेटी उचलली. एका बाजूची खुंटी भोकात गेली. दुसऱ्या बाजूची पोचेना.

त्यांनी पेटी काढली, फिरवली, पुन्हा लावली. आता दुसरी बाजू बसली आणि पहिली पोचेना. “दांडा सरकला असेल,” ते स्वतःशीच म्हणाले आणि हातोड्याने पाय ठोकून आत घेऊ लागले. पाय जिथे होते तिथेच होते, ते कुठे जाणार? ती दारात उभी होती. पुढे व्हायला तिने पाऊल उचललं आणि चौकटीतच परत टेकवलं. बाबांच्या कपाळावर घाम आला. तो पुसायला त्यांनी फडकं शोधलं, आणि फडकं शोधायला ड्रॉवर उघडला. आठ दिवसांपूर्वी तो ड्रॉवर दोन माणसांना हलला नसता. आता बोट लावताच उघडला.

त्यांनी गादीची पट्टी बाहेर काढली. उलटीसुलटी करून पाहिली. मग पाळण्यापाशी येऊन ती खुंटी आणि भोक यांच्या मधल्या फटीत धरली. पट्टी तिथे नेमकी भरली.

“तुला माहीत होतं,” ते म्हणाले.

बाबांनी पेटीच्या कडेवरच्या खुणा पाहिल्या. अंगठा कोपऱ्याला टेकवला आणि पंजा ताणला. करंगळी पोचेना. त्यांनी दुसऱ्या हाताने ती ओढली, लहानपणी लेक आपली बोटं ओढायची तशी. खूण पुढेच राहिली.

“राहिलं एक बोट,” बाबा म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

मग त्यांनी आवराआवर सुरू केली. रंधा पुसला, पटाश्या एकेक करून झोळीत घातल्या. “उद्या सकाळच्या गाडीने निघतो. मोजणीदारांना सांग, बाजारातून पाळणा आणा. फीत लावून आणा.”

“रुसलात?”

“रुसायला मी काय लहान आहे? पण तू मला लहान समजलीस. गादी कापलीस आणि ड्रॉवरमध्ये लपवलीस. परीक्षेतले कमी मार्क लपवतात तसे. माझे मार्क, माझ्याचपासून.” त्यांचा आवाज बसला. “घरातलं शेवटचं लाकूड होतं ते. मी घालवलं. जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलो, कापलेलं लाकूड वाढत नाही.”

तिला रडू आलं आणि रडण्याच्या आधी राग आला. राग स्वतःचाच, पण तो बाहेर पडायला माणूस लागतं. ती भिंत धरून, पोट सांभाळत, एक गुडघा मग दुसरा करत खाली बसली. आठव्या महिन्यात जमिनीवर बसणं म्हणजे काय ते बसणारीलाच ठाऊक. बसल्यावर तिने हात पुढे केला.

“हात इकडे करा.”

“कशाला?”

“करा म्हणते ना.”

बाबांनी नाइलाजाने हात पुढे केला. तिने त्यांच्या तळव्याला तळवा लावला, अंगठ्याला अंगठा. तो हात तिला अजूनही खरखरीतच लागला, पण पूर्वी तिचा पंजा त्यात बुडून जायचा तसा आता गेला नाही. दोघांनी बोटं ताणली. करंगळीला करंगळी भिडली. केसाचाही फरक नव्हता.

“झाली वीत तुमच्या वितीएवढी,” ती म्हणाली. “करवत द्या.”

“ही काय झाली?” बाबा चिडले. “माझी आटली म्हणून झाली!”

“शब्द देताना असं कुठं म्हणाला होतात, की कुणाची वाढून आणि कुणाची आटून? वीत वितीएवढी झाली की करवत तुझी, एवढंच म्हणाला होतात. शब्द म्हणजे शब्द.”

आई असती तर म्हणाली असती, बघा, तुमचीच पोरगी. झोळीच्या तळातून बाबांनी फडक्यात गुंडाळलेली करवत काढली, पण दिली नाही. “काय कापणार आहेस? लाकूड कुठं उरलंय?”

“पेटी वाढणार नाही. दांडे तर कमी होतील.”

“ते दांडे? अगं, हा तुझा पाळणा आहे. तुझ्या आईनं याला पाय लावून झोके दिलेत तुला. याला मी करवत लावू?”

“तुम्ही नाही, मी लावणार. आणि बाबा, मला काही आता त्यात मावायचं नाहीये.”

बाबांना हसू आवरलं नाही. हसताना डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी गादीच्या पट्टीनेच पुसलं. मग तीच पट्टी त्यांनी दांड्याच्या टोकाशी धरली, शेजारी पेन्सिलने रेघ मारली आणि करवत मूठ पुढे करून तिच्या हातात दिली.

मूठ तिच्या कल्पनेपेक्षा जड होती. तेवीस वर्षं वाट पाहिली, आणि पहिल्याच ओढीला करवत अडकली.

“जोर लावू नकोस. ढकलायची नाही, न्यायची. आणि तिरपी धर. अशी. आता तिचं तिला जाऊ दे.” बाबांनी दांडा गुडघ्याने दाबून धरला. दात लाकडात उतरले. जुन्या लाकडातून ताजा वास आला, दुकानातला, अर्ध्या शटरच्या आतला. पोटात एक सणसणीत लाथ बसली.

“काय झालं?” बाबा दचकले.

“काही नाही. तुमच्या नातवंडाला करवत हवी आहे.”

“त्याला म्हणावं, आधी वीत दाखव.”

दोन्ही दांड्यांची चार-चार बोटं कापली गेली. खाचेत बसणारी टोकं पटाशीने पुन्हा घडवायचं काम बाबांनी केलं, सावकाश, मध्ये दोनदा हात झाडत, आणि हात झाडताना आता त्यांनी तो लपवला नाही. संध्याकाळी मोजणीदार घरी आला तेव्हा पाळणा खिडकीपाशी उभा होता, पेटी दोन्ही खुंट्यांवर झुलत होती, आणि बायको आणि सासरे केसांत भुसा घेऊन चहा पीत बसले होते.

तो पाळण्याभोवती फिरला. मग सवयीने त्याचा हात खिशात गेला. बायकोने डोळे मोठे केले, पण टेप बाहेर आली होती. त्याने पेटीला ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावली, आकड्यावर नजर टाकली आणि टेप सर्रकन मिटली.

“किती भरली मोजणीदार?” बाबांनी चहात बघत विचारलं.

“चार विती,” तो म्हणाला.

“कुणाच्या?”

“आजोबांच्या.”

बाबांनी पेला खाली ठेवला. उठून त्यांनी करवत पुसली, फडक्यात गुंडाळली आणि सवयीने झोळीकडे नेली. झोळीचं तोंड उघडलं, आणि तिथेच थांबले.

“ढलपे,” ते म्हणाले, “ही टांगायला तुझ्या घरात एखादा खिळा आहे का?”

नव्हता. मग बाबांनीच तो ठोकला, तिचा हात सहज पोचेल अशा उंचीवर, आणि करवत तिथे अडकवली.